दुखणं अंगावर काढू नका

पहाटे साडेपाचच्या सुमारास आष्टीतून कड्याच्या दिशेनं निघालात, तर रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरंपोरी दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्याची, कुणाला शाळेच्या कबड्डी संघात जागा हवी आहे. डांबर संपतं तिथं मुरूम लागतो, मुरूम संपतो तिथं खडी. अशाच एका काठावर पाऊल वाकडं पडतं, घोटा आत वळतो आणि पोरगा कळवळून खाली बसतो. सोबतचे धावत येतात. एक जण पाय धरून ओढतो, दुसरा जोरात चोळतो, तिसरा म्हणतो, “काही झालं नाही, चालून बघ, मोकळा होईल.” घरी गेल्यावर गरम पाण्याचा शेक, वर ऊन ऊन लेप, आणि परवा पहाटे पोरगा पुन्हा रस्त्यावर.

हे सगळं मायेनं होतं आणि जवळपास सगळंच उलटं होतं. शाळेत असताना खो-खो खेळताना माझा उजवा घोटा असाच मुरगळला होता. तिसऱ्या दिवशी मी मैदानावर होतो. पुढच्या दोन वर्षांत तोच घोटा आणखी चार वेळा मुरगळला. तेव्हा वाटायचं, आपला पायच कच्चा. पाय कच्चा नव्हता, त्याला भरून यायला वेळच दिला नव्हता.

आष्टी तालुक्याला दुखापतीचा धडा बाहेरून आणायची गरज नाही. मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा-सात किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. पुढं सैन्यात गेला आणि तिथं ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून ७ उड्या असतात. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळं त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. इतका मोठा धावपटू दुखापतीसाठी थांबतो, तर भरतीच्या पोराला दोन आठवडे थांबण्यात कमीपणा कसला? थांबणं हा सरावाचाच भाग आहे, हे आधी पटलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आधी ठरवा : घर की दवाखाना

पडलेल्याला लगेच उभं करू नका. बसू द्या, बूट सैल करा, दोन मिनिटं श्वास घेऊ द्या. मग पुढच्या गोष्टी तपासा. यातली एकही दिसली, तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका.

• हात किंवा पाय वाकडा दिसतोय, हाड वर आलंय किंवा सांधा निखळलाय.

• दुखऱ्या जागेच्या पुढची बोटं गार, निळसर, पांढरी किंवा बधिर पडली आहेत.

• गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, पाय सरळ होत नाही किंवा उभं राहिल्यावर गुडघा दगा देतो.

• डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलट्या होतायत, डोकेदुखी वाढतेय, बोलणं असंबद्ध झालंय, झापड येतेय किंवा झटका आलाय.

घोट्यासाठी डॉक्टरांची एक सोपी कसोटी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली ती तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, तसंच त्याच्या मागच्या कडेनं साधारण चार बोटं वर, हाडावर अंगठ्यानं दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाताला लागणारं हाड दाबा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचंही दाबा. यांपैकी कुठंही हाडावरच कळ आली, किंवा लंगडत का होईना पण चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. हाडावर दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलं असण्याची शक्यता फार कमी असते. तिथं घरचे उपचार पुरतात.

दवाखान्यात न्यायचं ठरलं तर अवयव आहे त्याच स्थितीत आधार देऊन बांधा. घडी घातलेलं जाड वर्तमानपत्र, पुठ्ठा किंवा फळी, खाली मऊ कापड आणि वरून ओढणी पुरते. निखळलेला सांधा ओढून बसवायला जाऊ नका, जवळची नस आणि रक्तवाहिनी त्यात दुखावते. मार मोठा असेल तर १०८ क्रमांकाला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. मानेला किंवा पाठीला मार असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नका.

हाड बसवणाऱ्याकडे जायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यांच्या हाताबद्दल लोकांना विश्वास आहे, त्यावर मी भांडत नाही. पण एक्स-रेच्या आधी नको. सूज वाढत असताना बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या तर आतलं रक्त थांबतं आणि चांगला हात किंवा पाय कापायची वेळ येते, हा अस्थिरोग तज्ज्ञांचा नेहमीचा अनुभव आहे. बांधलेल्या अवयवाची बोटं काळीनिळी पडली, मुंग्या आल्या किंवा दुखणं असह्य झालं, तर कुणी बांधलंय हे न बघता पट्टी सोडा आणि दवाखाना गाठा.

पहिले दोन दिवस

मुरगळणं म्हणजे सांध्याला धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जाणं किंवा थोडे फाटणं. आत बारीक रक्तस्राव होतो, सूज येते. म्हणून पहिले ४८ तास चार गोष्टी करायच्या.

पहिली, आराम. दुखऱ्या पायावर वजन घेऊ नका, लागली तर काठी घ्या.

दुसरी, बर्फ. ओल्या रुमालात किंवा पंच्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवायचा आणि काढायचा. पुन्हा दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. घरी फ्रीज नसेल तर किराणा दुकानातल्या गोठलेल्या पेप्सीच्या दोन कांड्या फडक्यात बांधा. तेही नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेला टॉवेल, तो तापला की बदला. मात्र बर्फानं दुखणं कमी होतं, फाटलेलं लवकर जुळत नाही. आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच हे सूत्र अमेरिकेतल्या गेब मिर्किन या डॉक्टरांनी १९७८ साली मांडलं. पुढं त्यांनीच कबूल केलं, की जास्त वेळ बर्फ ठेवल्यानं भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून बर्फ पहिल्या दोन दिवसांपुरता आणि मोजून.

तिसरी, पट्टी. मेडिकलमध्ये क्रेप बँडेज मिळतं. घोट्याला १० सेंटिमीटर रुंदीचं घ्या. पाऊल पोटरीशी काटकोनात ठेवा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, पावलाभोवती दोन वेढे द्या. मग वरून तिरपं घोट्यामागं न्या, पुढं आणा, पुन्हा तळव्याखालून घ्या. असे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देत घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत जा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला अर्धा झाकेल असा हवा. बोटं उघडी ठेवा. शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर पट्टी ठीक आहे, पांढरंच राहिलं तर सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढा.

चौथी, पाय उंच. छातीपेक्षा वर येईल इतका. दोन उशा किंवा घडी घातलेली वाकळ पोटरीखाली ठेवा. खुर्चीवरून पाय खाली सोडून दिवसभर बसलात, तर सूज उतरणार नाही.

आणि याच दोन दिवसांत चार गोष्टी करायच्या नाहीत : गरम शेक, मालिश, दारू आणि धावणं. शेकानं आणि चोळण्यानं आतला रक्तस्राव वाढतो. हळदीचा लेप अखंड कातडीवर गार लावला तर अपाय नाही, पण तो लावला म्हणून अस्थिबंध जुळत नाही. लेप लावून पळायला निघू नका.

तिसऱ्या दिवसापासून

आता उलटी चूक होते. पाय महिनाभर खाटेवर ठेवला जातो, सांधा आखडतो, पोटरी वाळते. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली, की हालचाल सुरू करा. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्यानं हवेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरं लिहा, दिवसातून तीनदा. नंतर भिंत धरून टाचा वर-खाली, १० ते १५ वेळा. मग दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहणं, ३० सेकंद. जमलं की डोळे मिटून. दात घासताना रोज हेच करा.

एका पायावर उभं राहणं साधं वाटतं, पण मुरगळलेल्या घोट्याचं खरं औषध तेच आहे. अस्थिबंध फाटतो तेव्हा पाय कुठं, किती वाकला हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते. ती परत आणली नाही तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. माझं नेमकं हेच राहून गेलं होतं.

व्यायाम किती करायचा, याचा साधा नियम ठेवा. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत चालेल, त्यावर गेलं की थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर काल जास्त झालं असं समजून एक पायरी मागं या.

हलकं मुरगळणं एक ते दोन आठवड्यांत बरं होतं, मध्यम असेल तर तीन ते सहा आठवडे लागतात. परत पळायला कधी लागायचं ते तारखेवर ठरवू नका, पायावर ठरवा. अर्धा तास झपाझप चालता आलं, दुखऱ्या पायावर लंगडीच्या दहा उड्या न दुखता मारता आल्या, की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सुरू करा. पाच-सहा दिवसांत सूज वा दुखणं कमीच होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

कुठं दुखलं, तर काय

नडगी. भरतीच्या पोरांचं हे सर्वांत मोठं दुखणं. नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर ठणका लागतो, पळायला लागलं की सुरू होतो. आधी कधीच न पळालेला पोरगा एकदम रोज पाच-सहा किलोमीटर डांबरावर पळू लागतो आणि हाडाला तेवढं पेलत नाही. दोन-तीन आठवडे पळणं बंद, सायकल किंवा चालणं चालू. सोबत टाचा वर उचलायचा व्यायाम. पण दुखणं एका बोटानं दाखवता येईल इतक्याच जागी असेल आणि रात्री झोपतानाही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. अशा वेळी पळणं ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जा. ही चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून पळू नका.

पोटरी-मांडीतली चमक. वेगात असताना मांडीच्या मागं कुणी दगड मारल्यासारखी कळ येते. स्नायूचे धागे तुटलेले असतात. पहिले दोन दिवस वरचेच चार नियम. ताणायचे व्यायाम लगेच नकोत. गोळा येणं वेगळं. त्यात स्नायू आवळतो, तुटत नाही. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं अंगाकडे ओढा आणि तसंच धरा. उन्हात घाम गाळून वारंवार गोळे येत असतील तर पाणी आणि मीठ कमी पडतंय. ओआरएसची पुडी घ्या. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या.

मुका मार. कबड्डीत मांडीवर गुडघा बसतो. बर्फ लावताना गुडघा झेपेल तेवढा वाकवून ठेवा, पाय आखडत नाही. मुका मार अजिबात चोळू नका. चोळल्यानं स्नायूत साकळलेल्या रक्ताचा हाडासारखा कडक गोळा होऊ शकतो आणि मग महिनोन्‌महिने पाय पुरता वाकत नाही.

बोट. चेंडू बोटावर बसला की अंगठी आधी काढा, सुजल्यावर निघत नाही. बोट ओढू नका. सरळ असेल तर शेजारच्या बोटाला मध्ये कापूस ठेवून चिकटपट्टीनं बांधा. बोटाचं टोक खाली पडलं आणि आपणहून उचलता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

खरचटणं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पाच मिनिटं धुवा, खडे-माती निघेपर्यंत. माती, चुना, राख, पेट्रोल काही लावू नका. वर स्वच्छ गॉज. जखम मातीची असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर लस घ्या, सरकारी दवाखान्यात ती मिळते.

डोकं. चक्कर, धूसर दिसणं, गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही झालं तर त्या दिवशी परत मैदानात नाही. ‘मी ठीक आहे’ असं खेळाडूनं सांगितलं तरी नाही. पुढचे २४ तास कुणी तरी सोबत असावं.

गोळीबद्दल

दुखणं सहन होत नसेल तर मोठ्यांनी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, पुढची किमान सहा तासांनी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर मुळीच नकोत. उपाशीपोटी, उन्हात पाणी कमी पडलेलं असताना या गोळ्या किडनीवर घाव घालतात. आणि मैदानी चाचणीच्या सकाळी दुखणं दाबायचं इंजेक्शन घेऊन पळणं हा घोर धोका आहे. दुखणं हा शरीराचा इशारा असतो. तो बंद केला की अर्धं फाटलेलं पुरतं फाटतं.

दुखापत होऊच नये म्हणून

हळूहळू वाढवा. ढोबळ हिशेब असा, की या आठवड्यात २० किलोमीटर झाले तर पुढच्या आठवड्यात २२, एकदम ३० नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

शेतातलं काम सरावात धरा. दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलल्या, ऊस तोडला, पाण्याचे हंडे वाहिले, तर पाय आणि कंबर आधीच राबलेली असते. त्या संध्याकाळी वेगाचा सराव नको. शहरातल्या पुस्तकी वेळापत्रकात हे काम मोजलेलं नसतं, आपल्याला ते मोजावंच लागतं.

अंग तापवा. १५-२० मिनिटं हलकं पळणं, गुडघे वर उचलणं, बाजूनं पळणं, उडी मारून गुडघा आत न वळवता खाली येणं. फुटबॉलसाठी फिफानं असाच सुमारे २० मिनिटांचा क्रम बसवला आहे आणि तो नियमानं करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशानं घटल्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम तर घरीच होतो. घडी घातलेल्या पोत्यावर गुडघे टेका, सोबत्यानं मागून घोटे घट्ट धरावेत, आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढं झुका. तोल सुटला की हात टेका. चार-पाच वेळांपासून सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा. या स्नायूच्या दुखापती त्यानं निम्म्यावर येतात.

जमीन तयार करा. जुन्या तालमीत वस्ताद माती खणायचे, त्यात तेल, ताक, हळद घालायचे, तेव्हा कुस्ती व्हायची. पडणाऱ्याची काळजी आधी घेतलेली असायची. कबड्डीचं मैदानही खेळाआधी खणा, खडे वेचा, पाणी मारा. पळायला डांबरापेक्षा गवताचं किंवा मातीचं मैदान निवडा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तिथं अंधारात पळू नका.

बूट बघा. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. रोज सहा किलोमीटर पळणाऱ्याचे तीन ते पाच महिन्यांत संपतात. वरून नवे दिसले तरी तळ एका बाजूला झिजला असेल, तर बूट गेले.

खा आणि झोपा. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी, यातलं रोज काही तरी पोटभर, आणि आठ तास झोप. मुलींच्या आयांना खास सांगणं : सराव वाढल्यावर मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘पळते म्हणून होतंय’ असं म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडत असल्याचा तो संकेत असतो आणि अशा वेळी हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे न्या.

शेवटी, पळणाऱ्या प्रत्येक गटानं एक पिशवी सोबत ठेवावी. त्यात दोन क्रेप बँडेज, साबणाची वडी, गॉज, चिकटपट्टी, ओआरएसच्या दोन पुड्या आणि पाण्याची बाटली. आणि उद्या पहाटे कड्याच्या रस्त्यावर कुणाचं पाऊल वाकडं पडलं, तर “काही झालं नाही, चालून बघ” हे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, “बस खाली. बूट सैल कर. कुठं दुखतंय, बोट ठेव.”